वकिलीच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिप कुठे आणि कशी मिळते? शहापूर-मुरबाडपासून फोर्टपर्यंत अर्जाची संपूर्ण माहिती

ठाणे जिल्ह्यातील शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ तालुक्यांतील बरीच मुलं-मुली आता एलएलबीला जात आहेत. सीईटी देऊन प्रवेश मिळतो, वर्ग सुरू होतात आणि वर्षभराने कॉलेजातून सूचना येते, 'इंटर्नशिपचं सर्टिफिकेट जमा करा'. ज्याच्या घरात काका-मामा वकील आहे त्याचं काम एका फोनवर होतं. ज्याच्या सात पिढ्यांत कोणी कोर्टाची पायरी पक्षकार म्हणूनच चढलं, त्याला कुणाला विचारावं तेच कळत नाही. मग कुणीतरी ओळखीच्या वकिलाकडून नुसता सही-शिक्का आणतो आणि पाच वर्षांत कोर्टाचा बोर्ड कसा वाचायचा तेही न शिकता पदवी घेऊन बाहेर पडतो.

यात नुकसान विद्यार्थ्याचंच होतं. ओळख नसली तरी इंटर्नशिप मिळते, फक्त कुठे, केव्हा आणि काय लिहून मागायची हे माहीत पाहिजे. ती माहिती एकाच ठिकाणी इथे दिली आहे. विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही वाचून जपून ठेवावी.

इंटर्नशिप किती आठवड्यांची?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत हे ठरवून दिलं आहे.

- तीन वर्षांच्या एलएलबीला : किमान १२ आठवडे
- पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला : किमान २० आठवडे
- एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही
- संपूर्ण शिक्षणात किमान एकदा तरी खालच्या कोर्टात आणि अपील कोर्टात काम करणाऱ्या वकिलांकडे इंटर्नशिप झालेली पाहिजे

हिशेब सोपा आहे. वर्षाला चार आठवडे धरले तर तीन वर्षांत १२ आणि पाच वर्षांत २० होतात. म्हणजे पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करायची. 'शेवटच्या वर्षी बघू' म्हणणाऱ्याची तेव्हा परीक्षा आणि कोर्ट दोन्हीकडे धावपळ होते.

याशिवाय शेवटच्या टप्प्यात प्रात्यक्षिकाचा पेपर असतो. त्यात एक दिवाणी आणि एक फौजदारी अशा दोन खटल्यांचं कामकाज प्रत्यक्ष बघून लिहायचं असतं. वकील पक्षकाराकडून माहिती कशी काढून घेतो, दावा दाखल करण्याआधी तयारी काय करतो, याचीही नोंद डायरीत करावी लागते. त्या डायरीला गुण असतात.

इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचं तर दोन वर्षांचा कामाचा अनुभव सक्तीचा आहे. आपल्याकडे बार कौन्सिलने १९९५ मध्ये सनद देण्याआधी एक वर्षाचं प्रशिक्षण सक्तीचं करणारे नियम केले होते, पण सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते रद्द केले. त्यामुळे सनद हातात पडण्याआधी काम शिकण्याची संधी म्हणजे ही १२ किंवा २० आठवड्यांची इंटर्नशिपच.

कुठे कुठे करता येते?

नियमाप्रमाणे वकील, लॉ फर्म, न्यायालय, कंपनी, स्वयंसेवी संस्था, नियामक संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था अशा अनेक ठिकाणी इंटर्नशिप चालते. आपल्या भागातल्या मुलांसाठी पुढच्या पाच वाटा जवळच्या आहेत.

१) तालुक्याचं कोर्ट. शहापूर, मुरबाड, भिवंडी, उल्हासनगर इथे न्यायालये आहेत. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलासाठी याच्याइतकी चांगली शाळा नाही. वाटप, मनाई हुकूम, चेकचे खटले, मारामारीचे गुन्हे, जामीन, पोटगी, सगळं एकाच इमारतीत बघायला मिळतं. कामकाज बरंचसं मराठीत चालतं. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा म्हणून मराठी १९९८ मध्येच ठरवलेली आहे.

२) ठाणे आणि कल्याणची न्यायालये. ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ जिल्हा व सत्र न्यायालय आहे. कल्याण पश्चिमेला जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालय आहे. खून-बलात्काराचे खटले, अपिलं, मोटार अपघाताचे दावे इथे चालतात. ठाण्यात कौटुंबिक न्यायालय, कामगार न्यायालय आणि ग्राहक आयोगही आहे. कल्याण-डोंबिवलीत मालमत्ता, सोसायटी, बिल्डर-ग्राहक वाद आणि घटस्फोटाचं काम करणारी वकिलांची ऑफिसं भरपूर आहेत. अशा ऑफिसात तीन-चार ज्युनियर असतात, म्हणून इंटर्नला शिकवणारं कोणीतरी मिळतं.

३) जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. याचं ऑफिस ठाणे न्यायालयाच्या आवारात आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली गरिबांना, महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कोठडीतल्या कैद्यांना इथून मोफत वकील मिळतो. लोकअदालतही हेच भरवतात. कायद्याच्या विद्यार्थ्याला सनद मिळेपर्यंत विधी स्वयंसेवक म्हणूनही निवडता येतं. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. तिथेही चौकशी करावी.

४) मुंबईच्या लॉ फर्म. लोअर परळ, नरिमन पॉइंट, फोर्ट भागात मोठ्या फर्म आहेत. सिरिल अमरचंद मंगलदास, खेतान अँड कंपनी, एझेडबी, ट्रायलीगल ही मोठी नावं. फोर्टात क्रॉफर्ड बेली, मुल्ला अँड मुल्ला, लिटल अँड कंपनी, वाडिया गांधी अशा जुन्या सॉलिसिटर फर्म आहेत. इथे कंपन्यांचे करार, बँकांची कर्जं, जमीन-इमारतींचे व्यवहार आणि उच्च न्यायालयातील दावे चालतात. स्पर्धा मोठी असते, पण दार बंद नसतं.

५) कंपन्या, बँका, महापालिका. भिवंडीची गोदामं, अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहती, बँकांची विभागीय कार्यालयं इथे विधी विभाग असतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेतही विधी विभाग आहे. अर्ज विधी अधिकाऱ्यांच्या नावे, कॉलेजचं पत्र जोडून द्यावा.

कोणत्या वर्षी काय करावं?

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचं साधं वेळापत्रक असं ठेवता येतं.

- पहिलं वर्ष : तालुका कोर्टातील वकील किंवा विधी सेवा प्राधिकरण
- दुसरं वर्ष : ठाणे किंवा कल्याणला दिवाणी अथवा फौजदारी वकिलाचं ऑफिस
- तिसरं वर्ष : उच्च न्यायालयात काम करणारे वकील
- चौथं वर्ष : लॉ फर्म किंवा कंपनीचा विधी विभाग
- पाचवं वर्ष : जिथे पुढे नोकरी करायची इच्छा आहे तीच जागा

तीन वर्षांच्या मुलांनी पहिल्या वर्षी जिल्हा कोर्ट, दुसऱ्या वर्षी उच्च न्यायालय किंवा फर्म आणि तिसऱ्या वर्षी आवडीची जागा असं करावं. मोठ्या फर्म साधारणपणे वरच्या वर्षांच्या मुलांना पसंती देतात. त्यामुळे पहिल्या वर्षी तिथून नकार आला म्हणून मन मोडून घेऊ नये.

अर्ज केव्हा करायचा?

इथे बरीच मुलं चुकतात. सगळे जण मे महिन्यात सुट्टी लागली की अर्ज करतात. पण मे महिन्यात उच्च न्यायालयाला उन्हाळी सुट्टी असते आणि खालच्या कोर्टातही सुट्टीमुळे कामकाज कमी असतं. चार आठवडे कोर्ट बघायला गेलेला मुलगा रिकाम्या बाकांकडे बघत बसतो.

- कोर्टाचं काम बघायचं असेल तर कोर्ट पूर्ण चालू असतं ते दिवस निवडा. जून-जुलै किंवा परीक्षेनंतरचा डिसेंबरचा पहिला भाग चालतो. नाताळच्या सुट्टीचे दिवस तेवढे बघून घ्या.
- करार, मसुदे, सर्च रिपोर्ट असं ऑफिसचं काम शिकायचं असेल तर मे महिना चालतो.
- तालुका आणि जिल्ह्याच्या वकिलांना दोन-तीन आठवडे आधी भेटलं तरी चालतं.
- मोठ्या फर्मकडे मात्र चार-सहा महिने आधी अर्ज गेला पाहिजे. त्यांच्या वेबसाइटवर करिअर किंवा इंटर्नशिप नावाचं पान असतं. फॉर्म असेल तर फॉर्मच भरावा, नसेल तर तिथे दिलेल्या ईमेलवर अर्ज पाठवावा.

वकील शोधायचा कसा?

नियमात एक चांगली तरतूद आहे. राज्य बार कौन्सिलने किमान दहा वर्षं अनुभव असलेल्या आणि विद्यार्थी घ्यायला तयार असलेल्या वकिलांची जिल्हावार यादी करायची असते आणि ती कॉलेजांकडे उपलब्ध असली पाहिजे. आपल्या कॉलेजात ही यादी मागा. ठाण्याचं टीएमसी विधी महाविद्यालय असो की उल्हासनगरचं नारी गुरसहानी विधी महाविद्यालय, प्लेसमेंट किंवा विधी सहाय्य कक्ष सांभाळणारे शिक्षक कोण आहेत ते पहिल्याच महिन्यात विचारून ठेवा.

दुसरी पद्धत पायी फिरण्याची. सलग दोन दिवस कोर्टात जाऊन बसा. खुल्या कोर्टात कोणालाही बसता येतं. फोन बंद ठेवा. कोणते वकील तयारीने येतात, उलटतपासणी नीट घेतात, पक्षकाराशी आणि ज्युनियरशी नीट बोलतात ते बघा. मग बार रूममध्ये किंवा त्यांच्या ऑफिसात संध्याकाळी जाऊन भेटा. सकाळी कोर्ट सुरू होण्याच्या गडबडीत वकिलाला गाठू नका. संध्याकाळी सहानंतर ऑफिसात निवांत बोलणं होतं.

बायोडेटा कसा असावा?

एक पान पुरे. त्यात एवढंच पाहिजे :

- नाव, गाव-तालुका, मोबाइल, ईमेल
- कॉलेज, वर्ष, मागच्या सत्राचे गुण
- बारावी किंवा पदवीचे गुण
- आधीच्या इंटर्नशिप : कुठे, कधीपासून कधीपर्यंत, नेमकं काय केलं
- अभिरूप न्यायालय, वादविवाद, निबंध यांतला सहभाग
- भाषा : मराठी वाचन-लेखन-टायपिंग, हिंदी, इंग्रजी
- संगणक : वर्ड, ई-कोर्ट, महाभूलेख, निवाडे शोधता येतात का

फोटो, धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, 'छंद : क्रिकेट बघणे' याची गरज नाही. ईमेल आयडी स्वतःच्या नावाचा असावा. फाइल पीडीएफ करून तिला आपलं नाव द्यावं. खोटं काही लिहू नये. वकिलाचा धंदाच खोटं पकडण्याचा आहे, दोन प्रश्नांत उघडं पडतं.

'काय केलं' या ओळीकडे नीट लक्ष द्या. 'कोर्टाचे कामकाज पाहिले' असं लिहिलं तर त्यातून काही कळत नाही. 'तीन वाटपाच्या दाव्यांच्या तारखांचा तक्ता केला, दोन जामीन अर्जांचे मसुदे लिहिले, एका मिळकतीचे १८ फेरफार वाचून यादी केली' असं लिहिलं की समोरच्याला काम दिसतं.

अर्जाचा नमुना

तालुका किंवा जिल्ह्याच्या वकिलांसाठी मराठीत असा अर्ज चालतो. फर्मसाठी हाच मजकूर इंग्रजीत करून ईमेलमध्येच लिहावा.

*आदरणीय वकील साहेब / मॅडम,*
*सप्रेम नमस्कार.*
*मी (नाव), राहणार (गाव, तालुका). (कॉलेज) येथे एलएलबीच्या (वर्ष) वर्षात शिकत आहे. आपण प्रामुख्याने दिवाणी व जमिनीचे दावे चालवता, हे मी कल्याण न्यायालयात आपले कामकाज पाहिले तेव्हा लक्षात आले. मला हेच काम शिकायचे आहे.*
*(तारीख) ते (तारीख) असे चार आठवडे आपल्या कार्यालयात इंटर्न म्हणून काम करण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. मला सातबारा, फेरफार व इंडेक्स दोन वाचता येतात. मराठी टायपिंग येते. मागील वर्षी (ठिकाण) येथे मी (काम) केले आहे.*
*बायोडेटा व कॉलेजचे पत्र सोबत जोडले आहे. आपण सांगाल त्या वेळी भेटायला येईन.*
*आपला / आपली नम्र,*
*(नाव, मोबाइल)*

एकच मजकूर पन्नास ठिकाणी एकदम पाठवू नका. एका फर्मच्या अर्जात दुसऱ्या फर्मचं नाव राहिलं की तो अर्ज तिथेच संपतो. दहा-पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा नम्रपणे आठवण करावी. तरीही नाही आलं तर पुढे जावं. वीस अर्जांना दोन उत्तरं आली तरी ते वाईट नाही.

गावच्या मुलाकडे असलेली शिदोरी

इंग्रजी कच्चं आहे म्हणून गावची मुलं फर्मकडे अर्जच करत नाहीत. इंग्रजी सुधारावं लागतं, त्याला पर्याय नाही. रोज एक निवाडा वाचून पाच ओळींत त्याचा सारांश लिहायची सवय केली तर सहा महिन्यांत फरक पडतो. पण आपल्याकडे जे आहे तेही कमी नाही.

समृद्धी महामार्ग शहापूर, कल्याण आणि भिवंडी तालुक्यांतून गेला. गोदामं, टाउनशिप, रस्ते यासाठी जमिनींचे व्यवहार सतत चालू आहेत. प्रत्येक व्यवहाराआधी मालकी हक्काचा सर्च करावा लागतो, साधारण तीस वर्षांचा. त्यासाठी सातबारा, आठ अ, फेरफार, वारस नोंद, इंडेक्स दोन वाचावे लागतात. ते सगळं मराठीत असतं, जुने फेरफार तर हाताने लिहिलेले. कुळकायद्याच्या ३२ ग ची नोंद आहे का, कलम ४३ ची अट आहे का, जमीन भोगवटादार वर्ग २ ची आहे का, आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ प्रमाणे परवानगी आहे का, इतर हक्कात कोणाचं नाव आहे, हे प्रश्न शहरातल्या हुशार मुलालाही पटकन सुटत नाहीत. शहापूर-मुरबाडच्या मुलाने घरच्या वाटणीच्या वेळी तलाठ्याकडे आणि तहसीलला आजोबांबरोबर चकरा मारल्या असतील तर त्याला हे निम्मं येत असतं.

याची किंमत काय आहे ते डोंबिवली परिसराने पाहिलं. खोट्या परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबं त्यात अडकली. कागद नीट तपासणारा माणूस किती गरजेचा आहे, हे त्यावरून समजावं.

म्हणून बायोडेटात 'मराठी महसुली कागदपत्रे वाचता येतात' ही ओळ ठळक लिहा. फर्मच्या रिअल इस्टेट विभागाला तिचा उपयोग कळतो.

निवडीच्या वेळी काय विचारतात?

छोट्या ऑफिसात दहा मिनिटं गप्पा होतात. फर्ममध्ये फोनवर किंवा व्हिडिओवर मुलाखत होऊ शकते. साधारण प्रश्न असे असतात : इथेच का यायचंय? कोणता विषय आवडतो? अलीकडे कोणता निवाडा वाचला? करार वैध होण्यासाठी काय लागतं? दिवाणी आणि फौजदारी कामात फरक काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियमाची तोंडओळख असावी. उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही, बघून सांगतो' म्हणावं. ठोकून देऊ नये.

गेल्यावर कसं वागायचं?

- कपडे : पांढरा शर्ट, काळी किंवा पांढरी पँट, काळा टाय, काळा कोट, बूट. मुलींना साडी किंवा सलवार-कुर्ताही चालतो. बँड आणि गाऊन फक्त सनद असलेल्या वकिलांचा. तो घालू नये. उभं राहून युक्तिवादही करता येत नाही.
- वेळ : बोर्ड सुरू होण्याआधी पोहोचा. आदल्या रात्री ई-कोर्ट ॲपवर उद्याच्या केसेस बघून ठेवा. प्रत्येक केसला १६ आकडी-अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की मागच्या तारखांना काय झालं ते दिसतं.
- वही : रोजच्या रोज लिहा. केसचा प्रकार, टप्पा, काय झालं, आपण काय शिकलो. आठवड्याला मार्गदर्शकाची सही घ्या. महिन्याच्या शेवटी आठवून लिहिलेली डायरी लगेच ओळखू येते.
- गुप्तता : पक्षकाराचं नाव, फोटो, कागद व्हॉट्सॲप स्टेटसला टाकू नका. गावात चर्चा नको. ऑफिसात आपल्याच भावकीची केस आली तर वकिलांना आधी सांगा आणि त्या फाइलपासून लांब राहा.
- कारकून, शिरस्तेदार, बेलिफ, पट्टेवाला यांच्याशी आदराने बोला. नक्कल कशी काढायची, स्टॅम्प किती लागतो, आक्षेप कशाला निघतो हे पुस्तकात नसतं. ही माणसं ते शिकवतात.
- शेवटच्या दिवशी : लेटरहेडवर तारखांसह सर्टिफिकेट घ्या, त्याची पीडीएफ करून ठेवा आणि आभार मानून या.

पैशाचं काय?

सुरुवातीलाच स्पष्ट सांगायचं तर तालुका आणि जिल्हा पातळीवर इंटर्नला बहुतेक ठिकाणी पैसे मिळत नाहीत. काही फर्म आणि कंपन्या देतात. अर्ज मंजूर झाल्यावर 'मानधन किंवा प्रवासखर्च आहे का?' असं नम्रपणे विचारण्यात काही गैर नाही.

आसनगावहून मुंबईला जायला लोकलने पावणेदोन-दोन तास लागतात. मुरबाडकराला आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं. चार आठवडे रोज एवढा प्रवास, बाहेरचं जेवण, कोट-बूट हा खर्च घरच्यांना आधी सांगावा. रेल्वेची विद्यार्थी सवलत घर ते कॉलेज मार्गासाठी असते. इंटर्नशिपची जागा त्या मार्गावर नसेल तर साधा पास धरून हिशेब करा. हंगामी कामाचे दिवस सोडून तारखा मागितल्या तर घरचं कामही अडत नाही. लावणीच्या आठवड्यात इंटर्नशिप घेऊन दोन्हीकडे ओढाताण करू नये. शिक्षण शुल्कासाठी महाडीबीटी पोर्टलवर आपल्या प्रवर्गाच्या योजना बघून वेळेत अर्ज करावा.

फसवणूक आणि त्रास

'दोन हजार भरा, घरबसल्या इंटर्नशिप सर्टिफिकेट मिळवा' असे मेसेज फिरतात. काम न करता मिळालेला कागद मुलाखतीत टिकत नाही आणि कॉलेज नाकारू शकतं. पैसे भरण्याआधी कॉलेजात दाखवा. मूळ मार्कशीट किंवा आधार कोणाकडे ठेवून घेऊ देऊ नका.

मुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी महत्त्वाचं : कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. छोट्या ऑफिसच्या बाबतीत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी. सर्टिफिकेट अडकेल म्हणून गप्प बसू नये. कॉलेजच्या शिक्षकांना आणि घरी सांगावं.

पदवीनंतर पुढे काय?

सनद : बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी करावी लागते. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदणी फी कायद्यात आहे तेवढीच, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. त्याआधी अनेक राज्यांत हजारो रुपये घेतले जायचे.

एआयबीई : अखिल भारतीय बार परीक्षा. १०० प्रश्न असतात आणि मराठीतूनही देता येते. टीपा नसलेली कायद्याची पुस्तकं नेता येतात. सर्वसाधारण उमेदवाराला ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीला ४० टक्के लागतात. पात्रता आणि तारखांसाठी त्या वर्षीची सूचना वाचावी.

ज्युनियर : सुरुवातीची वर्षं तंगीची असतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियर वकिलाला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मानधन द्यावं असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तरी बोलणी करताना हा आकडा माहीत असावा.

फर्ममधील नोकरी : चांगली इंटर्नशिप केलेल्या मुलाला फर्म पुन्हा बोलावते, काम बघते आणि मग नोकरी देते. म्हणून शेवटच्या वर्षाची जागा विचार करून निवडावी.

सॉलिसिटर : बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा आणि त्यासाठी सॉलिसिटरकडे तीन वर्षांची आर्टिकलशिप असते. रत्नागिरीत जन्मलेले आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान झालेले बाळासाहेब खेर हे मूळचे सॉलिसिटरच होते. परीक्षा कठीण आहे, पण फोर्टच्या फर्ममध्ये तिला आजही मान आहे.

न्यायाधीश : २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांची वकिली सक्तीची केली. ही वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात. त्यामुळे न्यायाधीश व्हायचं असलं तरी आधी कोर्टात उभं राहावंच लागणार, आणि निकाल लागल्यावर सनदेला उशीर करू नये.

पालकांसाठी दोन शब्द

मुलगा सकाळी कोट घालून जातो आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने येतो, म्हणजे वेळ वाया घालवतो असं नाही. हे चार आठवडे कमाईचे नसून शिकण्याचे असतात. ओळखीच्या वकिलाकडून नुसता सही-शिक्का आणून देण्यापेक्षा त्याच वकिलांना सांगा, 'साहेब, पोराला कामाला लावा, चुकलं तर बोला.' पुढे कोणीतरी आपल्या जमिनीचा कागद त्याच्या पुढ्यात ठेवून विचारेल, 'वकीलसाहेब, हे बरोबर आहे का?' त्या दिवशी उत्तर देता आलं पाहिजे.